पदवीनंतरची तीन वर्षे

(नवपदवीधरांच्या गौरवसभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)





आज ज्यांच्या हाती पुष्पगुच्छ दिले गेले, त्यांपैकी बहुतेकांच्या घरात पदवीचा कागद प्रथमच आला आहे. काहींच्या घरात धम्मदीक्षा होऊनही फार दिवस लोटलेले नाहीत. अशा घरातील आईबापांस आज किती आनंद झाला असेल हे मी शब्दांत सांगण्याची गरज नाही; तो त्यांच्या चेहऱ्यांवर दिसतोच आहे. परंतु मी व्यवसायाने वकील आहे, आणि वकिलास आनंदाच्या प्रसंगीही तारखा आठवतात. तेव्हा दोनतीन तारखा आपणांपुढे ठेवून मगच मी मुद्द्याकडे वळते.

१८५६ च्या जून महिन्यात धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाच्या वतीने मुंबई सरकारकडे अर्ज करण्यात आला होता. मुलगा शाळेची फी भरावयास तयार होता. सरकारने अर्ज मान्य केला नाही. एका मुलास आत घेतले तर बाकीची सारी मुले शाळा सोडतील आणि शाळा ओस पडेल, असा त्या नकारामागील विचार होता. पुढील वर्षी, म्हणजे १८५७ च्या जुलैमध्ये, मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. विद्यापीठाच्या कायद्यात कोणाही जातीस मज्जाव नव्हता. पण ज्याला प्राथमिक शाळेच्या उंबरठ्याआत पाऊल ठेवता येत नाही त्याने विद्यापीठाच्या दारापर्यंत पोहोचावे कसे? धारवाडच्या त्या अर्जास शंभर वर्षे झाली त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, पूज्य बाबासाहेबांनी नागपूर येथे लक्षावधी बांधवांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यापूर्वीच, १९४५ साली, त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली होती. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय सुरू झाले होते. दीक्षाभूमीच्या आधी त्यांनी महाविद्यालये उभी केली, हा क्रम आपण विसरू नये.

आता मुद्द्यावर येते, आणि हा मुद्दा पदवीधरांपेक्षा त्यांच्या आईवडिलांस उद्देशून अधिक आहे.

पदवीदान समारंभाचा झगा परत केला, छायाचित्रे काढून झाली, पेढे वाटून झाले, की दुसऱ्या आठवड्यात घरात एक प्रश्न उभा राहतो. तो शेजारी विचारतात, मामा विचारतात, गावाहून आलेले पाहुणे विचारतात. "मग नोकरी कधी?" प्रश्न चुकीचा नाही. ज्या घराने पंधरासोळा वर्षे पोटास चिमटा काढून फी भरली, त्या घरास परतफेडीची आशा असणे स्वाभाविकच आहे. परंतु या प्रश्नाच्या ओझ्याखाली आपली मुले मिळेल ती पहिली नोकरी धरतात. विज्ञानाची पदवी घेतलेला मुलगा मालाच्या गोदामात बारा तास उभा राहतो, कायद्याची पदवी घेतलेली मुलगी कंत्राटी डाटा एंट्रीच्या खुर्चीवर बसते, आणि पाच वर्षांनी पदवीचा उपयोग लग्नपत्रिकेत नावापुढे छापण्यापुरता उरतो. कोणतेही काम हलके नाही. श्रमाचा अपमान करण्याचा माझा हेतू नाही. माझे म्हणणे एवढेच की, आपणांपैकी ज्या घरांस थोडीही शक्य आहे त्यांनी पदवीनंतरची तीन वर्षे मुलामुलीस द्यावीत. फुकट द्यावीत असे मी म्हणत नाही, हिशेबाने द्यावीत. हिशेब कसा, ते पुढे सांगते.

बाबासाहेबांच्याच आयुष्याकडे पाहा. बी. ए. झाल्यावर १९१३ च्या जानेवारीत ते बडोदे संस्थानच्या नोकरीस रुजू झाले होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांचे वडील सुभेदार रामजी निवर्तले. घर अडचणीत, वडिलांचे छत्र नाहीसे झालेले, पदरी नोकरी आलेली. अशा वेळी कोणीही व्यवहारी मनुष्य नोकरी सोडू नका असेच सांगता. त्याच वर्षी त्यांनी बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती स्वीकारली, परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याचा करार लिहून दिला, आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. १९१५ साली एम. ए., १९१६ साली लंडन, १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने परतणे, १९१८ साली सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी, त्या पगारातील शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज घेऊन १९२० साली पुन्हा लंडन, आणि १९२३ साली डी. एस्सी. व बॅरिस्टर होऊन मायदेश. बी. ए. नंतर दहा वर्षे! या दहा वर्षांत मुंबईतील चाळीत संसार ओढला तो माता रमाईंनी. आपण त्यांच्या प्रतिमेस हार घालतो ते योग्यच आहे, परंतु त्या दहा वर्षांतील दरमहाचा खर्च त्यांनी कसा भागविला असेल याचा विचार हार घालताना किती जण करतात? पदवीधर घडविणारा माणूस पुष्कळदा पदवीधर नसतो. आपणांकडे मी दहा मागत नाही, तीन मागते.

माझ्याच व्यवसायाचे उदाहरण घेते, कारण ते मला आतून माहीत आहे. कायद्याची पदवी घेतलेल्याने सनद घेतल्यावाचून न्यायालयात उभे राहता येत नाही. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात सनदेची फी लिहून ठेवलेली आहे: सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारास १२५ रुपये. असे असता राज्योराज्यीच्या वकील परिषदा नाना नावांखाली हजारो रुपये घेत होत्या. मी सनद घेतली तेव्हा माझ्या वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढले होते, आणि ते फेडीपर्यंत माझ्या पहिल्या वर्षाची बहुतेक कमाई गेली. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कायद्यात लिहिलेल्या रकमेपलीकडे सनदेसाठी काहीही घेता येणार नाही. अशी जादा फी समाजाच्या तळाच्या थरांतून येणाऱ्यांस व्यवसायाबाहेर ठेवते, हेही न्यायालयाने त्या निकालात स्पष्ट म्हटले. आपल्या विधी पदवीधरांनी हा निकाल माहीत करून घ्यावा. खिडकीवर कोणी अधिक रक्कम मागितल्यास नम्रपणे, पण लेखी, कारण विचारावे.

हे झाले दार. दाराच्या आत काय आहे? २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तरावरील दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेस बसण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. या अटीमागील कारण न्यायालयापुढे होते: ज्याने न्यायालय आतून पाहिलेले नाही त्याने न्यायासनावर बसू नये. कारण मला पटते. पण याचा अर्थ आपल्या घरांपुरता काय होतो ते उघड बोलले पाहिजे. ज्याच्या घरी पिढीजात वकिली आहे त्याची तीन वर्षे बापाच्या कचेरीत सहज निघून जातात. आपल्या मुलास एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडे फाईली वाहाव्या लागतात, आणि महिनाअखेर हाती येते ते कधी प्रवासखर्चापुरते, कधी तेवढेही नाही. भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांस शहरांत दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असे सुचविले. पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे, आणि शिफारशीवर घरभाडे भागत नाही. म्हणजे आपल्या मुलीने न्यायाधीश व्हावे अशी इच्छा असेल तर ती तीन वर्षे कोणीतरी सोसली पाहिजेत. जे घर सोसणार नाही त्या घरातून न्यायाधीश येणार नाही. परीक्षेची जाहिरात निघेल तेव्हा त्या वेळचा नियम नीट वाचून घ्यावा हे सांगणे न लगे; नियम बदलतात, घराची तयारी मात्र आधीपासून असावी लागते.

आता हिशेबाचा भाग. मी तीन वर्षे म्हटले, आठ नव्हे. पुण्यातील पेठांत जाऊन पाहा. अभ्यासिकेतील एकेका टेबलाशी आपली शहाणी मुले सहा-सहा, सात-सात वर्षे बसलेली आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेस अनुसूचित जातीच्या उमेदवारास ३७ वर्षे वयापर्यंत बसता येते आणि प्रयत्नांच्या संख्येवर मर्यादा नाही. ही सवलत न्याय्य आहे, कारण आपली मुले शर्यतीच्या रेषेवर उशिरा पोहोचतात. पण सवलत संपूर्ण वापरलीच पाहिजे असे कायद्याने म्हटलेले नाही! जागा शेकड्यांनी असतात आणि उमेदवार लाखांनी. तेव्हा बसण्यापूर्वीच घरात बसून ठरवावे: किती वर्षे, दरमहा किती रुपये, आणि नाही जमले तर पुढे काय. वडिलांनी आकडा सांगावा, मुलाने तारीख सांगावी. दोन प्रयत्नांनंतर दुसरी वाट धरणारा मुलगा हरलेला नसतो. त्यास टोचून बोलणारे शेजारी त्याचे घरभाडे भरीत नाहीत, हे आईबापांनी ध्यानात ठेवावे.

वाटा पुष्कळ आहेत. पुण्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था, जिला आपण बार्टी म्हणतो, ती स्पर्धा परीक्षांचे प्रशिक्षण आणि पीएच. डी.साठी अधिछात्रवृत्ती देते. परदेशी शिक्षणासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. या दुसरीविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. २०२२ साली तिच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतीय समाज यांविषयीचे अभ्यास वगळण्यात आले. या विषयांसाठी परदेशी जाण्याची गरज नाही, अशी सरकारची भूमिका. १९१६ च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी वाचलेला निबंध भारतातील जातींविषयीच होता. त्या दिवशी हाच नियम असता तर बडोद्याच्या जागी दिल्लीने त्यांस पैसे दिले नसते. आपल्या मुलांनी तरीही अर्ज करावेत, विज्ञानासाठी, तंत्रज्ञानासाठी, वैद्यकासाठी, अर्थशास्त्रासाठी करावेत. आणि ज्यांस समाजशास्त्रच शिकावयाचे आहे त्यांनी विद्यापीठांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या शोधाव्यात.

अर्ज म्हटला की कागद आले, आणि येथे मी जरा रेंगाळणार आहे. कारण माझ्याकडे येणाऱ्या दहा पदवीधरांपैकी बरेच जण गुणांनी अडलेले नसतात, कागदांनी अडलेले असतात.

नवदीक्षित कुटुंबांनी हा इतिहास समजून घ्यावा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदूंखेरीज अन्य धर्माच्या व्यक्तीस अनुसूचित जातीचे मानले जात नव्हते. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी आपले आईबाप, आजोबा-आज्या दीक्षाभूमीवर उभे राहिल्या, आणि केंद्राच्या दृष्टीने त्यांच्या सवलती संपल्या. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून नवबौद्धांस राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकऱ्यांचे दार बौद्धांस १९९० च्या दुरुस्तीने उघडले. मध्ये ३४ वर्षे गेली. एका संपूर्ण पिढीने धम्माची किंमत नोकऱ्यांनी मोजली आणि तरीही धम्म सोडला नाही. तेव्हा आज जो दाखला मिळतो तो कोणाच्या मेहेरबानीने मिळत नाही.

तो मिळविण्याची रीत मात्र कष्टाची आहे. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात. त्याची पडताळणी जिल्ह्याची समिती करते. आणि २००१ पासून अमलात आलेल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे आपण त्या जातीचे आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची आहे, सरकारची नव्हे. अनुसूचित जातींसाठी पुराव्याची तारीख आहे १० ऑगस्ट १९५०. त्या दिवसापूर्वी आपले पूर्वज या राज्याचे रहिवासी होते याचा कागद लागतो. तो कोठे सापडतो? आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यात, गावच्या कोतवाल बुकात, जमिनीच्या जुन्या उताऱ्यात, पणजोबा गिरणीत, रेल्वेत वा पलटणीत असतील तर त्यांच्या सेवापुस्तकात. वडिलांचे, चुलत्यांचे किंवा सख्ख्या भावंडाचे वैधता प्रमाणपत्र असेल तर काम पुष्कळ हलके होते. विवाहित मुलीने माहेरच्या, वडिलांकडील कागदांवर अर्ज करावयाचा असतो. सासरचे कागद घेऊन हेलपाटे घालणाऱ्या कितीतरी भगिनी मी पाहिल्या आहेत. आणि हे काम पदवीच्या शेवटच्या वर्षात नव्हे, मूल बारावीत असतानाच हाती घ्यावे.

काही स्वाभिमानी बांधव मला विचारतात, "ताई, आम्ही जात सोडली, आता तिचे नाव पुन्हा कागदावर का लिहावे?" प्रश्नामागील भावनेचा मला आदर आहे. माझे उत्तर असे की, धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहावे, अभिमानाने लिहावे. आणि दाखल्यावर मूळ जातीचे नाव येते तेव्हा ते आपली ओळख म्हणून येत नाही. आपल्या पूर्वजांवर झालेल्या अन्यायाची ती सरकारदप्तरी असलेली नोंद आहे. न्यायालयात दावा लावताना आपण नुकसानीचा आकडा लिहितो. तो आकडा लिहिल्याने नुकसान आपल्याला प्रिय होत नाही. केंद्राच्या नोकरीसाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला लागतो आणि त्यात ही नोंद असावी लागते. शाळेच्या दाखल्यावर केवळ "बौद्ध" लिहिले गेले असेल तर घाबरू नये, पण आजोबा-पणजोबांचे कागद अधिक काळजीपूर्वक गोळा करावेत.

दुसरा अडथळा महाविद्यालयांचा. शिष्यवृत्तीची रक्कम सरकारकडून आली नाही म्हणून काही संस्था विद्यार्थ्यांचे मूळ दाखले अडकवून ठेवतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे संस्थांस विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे स्वतःकडे ठेवून घेता येत नाहीत. तोंडी भांडू नये. एका पानाचा अर्ज लिहावा, आवक क्रमांक घ्यावा, प्रत जपून ठेवावी. उत्तर न आल्यास विद्यापीठाकडे जावे, त्यानंतर आमच्याकडे यावे. गुणांविषयी शंका असेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका मागता येते; सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क २०११ साली मान्य केला आहे. आणि न्यायालयात जाण्याची वेळ आलीच तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीस व कोणत्याही स्त्रीस, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. पदवीधर मुलेही हे जाणत नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते.

मुदतीविषयी एकच उदाहरण. २०२४ साली उत्तर प्रदेशातील एका रोजंदारी कामगाराच्या मुलास धनबादच्या आय. आय. टी.त जागा मिळाली होती. १७,५०० रुपये भरावयाचे होते. गावातून पैसे गोळा करता करता शेवटच्या दिवशीची संध्याकाळची वेळ टळली आणि जागा गेली. दलित मुलाची जागा १७,५०० रुपयांनी गेली! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने आपला विशेष अधिकार वापरून त्यास प्रवेश द्यावयास लावले. मुलाच्या बाजूने निकाल लागला याचा आनंद आहेच. पण प्रत्येक मुलास सर्वोच्च न्यायालय गाठता येत नाही. त्या गावात किंवा त्या वस्तीत वीस हजारांचा एक निधी असता, तर वकिलांचीही गरज पडली नसती. आपल्या विहाराच्या समितीने जयंतीच्या मंडपावरील खर्चातून असा निधी बाजूला काढावा, ही सूचना मी अध्यक्षांकडे लेखी दिली आहे. बिनव्याजी द्यावा, महिन्याभरात परत घ्यावा, आणि कोणास दिला हे जाहीर करू नये.

मुलींविषयी बोलावयाचे राहिले, आणि ते मी मुद्दाम मागे ठेवले होते. मुलाला तीन वर्षे देणारे घर पुष्कळदा मुलीला तीन महिनेही देत नाही. पदवीचा निकाल आणि पहिले स्थळ एकाच आठवड्यात येतात. मी सनद घेतली त्या वर्षी आमच्या घरीही आली. माझ्या आईने प्रत्येक पाहुण्यास चहा पाजला आणि "पोरगी कोर्टात गेलीय" एवढेच सांगून वाटेस लावले. ती स्वतः चौथीपर्यंत शिकलेली होती. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूर येथे भरलेल्या दलित महिलांच्या परिषदेत बाबासाहेबांनी मुलींच्या लग्नाची घाई करू नका असे सांगितले होते. त्या परिषदेस हजारो स्त्रिया आल्या होत्या, आणि त्यांतील कित्येकींस स्वतःचे नावही लिहिता येत नसेल. आज समोर बसलेल्या मुलींस नावापुढे पदवी लिहिता येते. त्यांच्या बापांनी निदान तेवढा धीर धरावा जेवढा त्या निरक्षर आयांनी धरला.

माझे बोलणे झाल्यावर मी वाचनालयाच्या खोलीत रात्री नऊपर्यंत बसणार आहे. ज्यांची पडताळणी अडली आहे, ज्यांचे दाखले महाविद्यालयात अडकले आहेत, ज्यांस सनदेचा अर्ज भरावयाचा आहे, त्यांनी यावे. मूळ कागद घरी ठेवावेत, छायाप्रती आणाव्यात. वडिलांस सोबत आणावे, आणि घरात आजोबा वा आजी हयात असतील तर त्यांस जरूर आणावे. पणजोबांची शाळा कोणत्या गावी होती आणि तेथील रजिस्टर कोणाच्या ताब्यात असेल, हे पुष्कळदा त्यांनाच आठवते. आणि आज पहिला नंबर मुलींचा.